ताप उतरल्यावरची हाक

बंगळूरच्या प्रयोगशाळेत श्रीविद्या माणसाच्या पेशींना मुद्दाम ताप द्यायची. उष्णता वाढली की पेशीतली काही प्रथिनं आरएनएचे निरोप घट्ट धरून बसतात आणि गारवा मिळाला की सोडतात, हे तिनं पाहिलं होतं. घरी मात्र तिची दीड वर्षाची लेक दोन दिवस तापानं गप्प पडून होती. "तू पेशी तापवतेस, म्हणून हिला ताप आला बघ!" लेकीला रोज सांभाळणाऱ्या शेजारच्या कृष्णाक्का चेष्टेनं म्हणाल्या. श्रीविद्या हसली नाही, कपाळावरची ओली पट्टी बदलत राहिली. ताप उतरला की 'आई' म्हणेल ना? दुपारी पारा उतरला. लेकीनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यापलीकडे हात पसरले. "अक्का!" "स्वल्प, जरा थांब गं, आई आहे ना," कृष्णाक्का ओशाळल्या. श्रीविद्यानं पट्टी त्यांच्या हाती ठेवली आणि सरकून जागा दिली.