तंबाखूचा रकाना

"तंबाखू?" फॉर्मवर पेन टेकवून सुमतीने विचारलं.

"आयुष्यात नाही," खाटेवरून मालक ठसक्यात म्हणाले. "विडी नाही, दारू नाही. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही."

तिने उत्तर ठळक अक्षरांत लिहिलं. कर्करोग नोंदणीच्या कामात नऊ वर्षं ती रोग्यांना हेच विचारत आली होती. याच मालकांच्या रंगाच्या कारखान्यातल्या अकरा कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता. त्यातला एक तिचा नवरा. चौकशीत मालकांनी सरळ हात वर केले होते, "तंबाखू खातात लेकाचे, त्याला मी काय करू?" तंबाखूला कधी शिवलो नाही, असं नवरा मरेपर्यंत सांगत राहिला.

"आजार मूत्राशयाचाच ना? आणि काम?"

"कारखान्यातच. तीस वर्षं रंगाची प्रत्येक बॅच स्वतःच्या हाताने तपासली."

"करा सही."

सही केल्यावर मालकांनी फॉर्म वाचला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाई, ते खोडा. तंबाखू खातो, असं लिहा!"

"असं कसं, मालक?" तिने फॉर्म त्यांच्या हातून अलगद काढून घेतला. "माझ्या नवऱ्याचं कोणी ऐकलं नाही. तुमचं ऐकतील."