करंज्यांचा डबा

लंडनहून नाताळला आलेला सायमन लॅपटॉपमधून मान वर काढेना. त्याच्या चार्जरची पिन तिसगावच्या घरातल्या बोर्डात अडॅप्टरशिवाय बसत नाही, हे आईनं, दयाबाईंनी, बरोबर हेरलं आणि अडॅप्टर करंज्यांच्या डब्यात तळाशी दडवला. करंज्या संपेस्तोवर तरी पोरगं दोन शब्द बोलेल!

दुसऱ्या दिवशी सायमन बॅग भरायला लागला.

"आई, महिनाभर तुझ्याजवळ राहून काम करतो म्हणून साहेबाला पटवलं हुतं. काल लॅपटॉप बंद पडला, मीटिंग हुकली. आता परत ये म्हणतोय."

"आरं, मंग मला आधी का न्हाई सांगितलं?"

"नाताळच्या दिवशी सांगणार हुतो."

दयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"रडू नको गं. वाटंत खायला तो करंज्यांचा डबा तरी दे."