हात न लावता

आमचे हे छंगतू शहरातल्या एका बागेत रोज सकाळी थाय-ची शिकवतात. यांनी नुसता तळहात पुढे केला, की समोरचा शिष्य हात न लागताच चार पावलं मागे उडून पडतो. फोनवर लाखो लोक ते बघतात. घरातलं झुरळ मात्र यांना अजून एकदाही घाबरलेलं नाही. असो, कुआनयिन देवीची लीला.

आज पौर्णिमा. देवीला उदबत्ती लावून मी हळूच म्हटलं, "अहो, मधुमेहाची गोळी घेतलीत ना? मग दोन घास पेज खाऊन जा. चक्कर येईल."

"मला? अगं, माझ्या अंगात केवढी शक्ती आहे! तू आपली जपमाळ ओढ."

मी पेजेचा डबा घेऊन मागोमाग निघाले. तळ्यापलीकडूनच दिसलं, व्हिडिओ सुरू होता आणि हे पांढरेफटक पडले होते. गुडघे लटपटत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. कुणीतरी सावरावं म्हणून यांनी कसाबसा हात पुढे केला.



अकराच्या अकरा शिष्य मोठ्या भक्तिभावाने मागे उडून पडले.