विरजण

"ड्रम ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतलाय," साहेब म्हणाले. "उद्या संचालक येताहेत. तो घाण वास त्यांच्या नाकात जायला नको."

तांब्याच्या खाणीतली प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कुंदाताई त्या चकचकीत ड्रमकडे बघतच राहिल्या. खाणीच्या ओहोळातलं गढूळ पाणी आणून त्यांनी त्यात आठ महिने जिवाणू वाढवले होते. भट्टीला न परवडणाऱ्या टाकाऊ दगडातलं तांबं हे जिवाणू पाण्यात उतरवत. एका दुपारीत सगळे मेले होते.

"बरंच झालं," साहेब हसले. "किड्यांनी कुठे तांबं निघतं, ताई? तो दगडांचा ढीग मी उद्याच खडीला देऊन टाकतो."

कुंदाताईंनी पिशवीतून लोणच्याची जुनी काचेची बरणी काढली. तळाशी त्याच ढिगातले मूठभर दगड होते, वर निळसर पाणी. भिंतीतला लोखंडी खिळा उपटून त्यांनी त्यात सोडला आणि नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. साहेब नाइलाजाने थांबले.

दहा मिनिटांनी खिळा बाहेर आला, तो तांब्याने मढूनच.

साहेबांनी तो नखाने खरवडून पाहिला. "हे पाणी कुठून आणलंत?"

"घरून. विरजण लावणारी बाई सगळं दही कधी संपवत नाही, साहेब. चमचाभर मागे ठेवते." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "आता मला दुसरा ड्रम द्या, तुमचं ब्लीचिंग न लागलेला. ढिगाला हात लावायचा नाही. उद्या संचालकांना सगळं मीच दाखवणार आहे. वासासकट."