तिसरी जागा

"विचार ना तिला, आत्या," क्रेग म्हणाला.

आलीडाने कॉफीचा कप खाली ठेवला. पर्थहून आलेल्या या भाच्याला डच येत नव्हतं आणि आईपाशी, अर्धांगाच्या झटक्यानंतर, एकच शब्द उरला होता: 'नाऊ'. 'बरं', 'मग?', 'अगं बाई', 'हो तर', सगळं त्या एवढ्याशा शब्दात. इंग्रजीत त्याला जोड नाही. आलीडा सकाळपासून त्याची अख्खी वाक्यं करून सांगत होती.

क्रेगने दुसऱ्या बिस्किटाकडे हात नेला.

"नाऊ नाऊ!" आई म्हणाली.

क्रेगने हसत हात मागे घेतला.

"एका कॉफीला एकच, म्हणते," आलीडाने सांगितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

क्रेगच्या पायाशी पिशवी होती. तिच्यात त्याच्या बाबांच्या, रूलोफच्या, अस्थी. आलीडाचा हा भाऊ ऐन तारुण्यात ऑस्ट्रेलियाला गेला आणि नाताळच्या कार्डापुरता उरला. आता त्याला वडिलांजवळ निजायचं होतं. घरच्या कबरीत तिघांचीच जागा. एक वडिलांची, दुसरी आईची. तिसरी आपली, हे आलीडाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण आईचं सगळं तिनेच काढलं होतं. तेवढा हक्क तरी तिचा होताच.

"आई, रूलोफला बाबांजवळ ठेवायचं का गं?"

आईचे डोळे भरून आले. "नाऊ!" म्हणत तिने धडधाकट हात टेबलावर आपटला.

हो तर, हे काय विचारणं झालं! आलीडाला बरोबर कळलं.

"नाही म्हणते," ती क्रेगला म्हणाली. "रागावलीय. ज्याने पाठ फिरवली त्याला आता जागा कशाला, म्हणते."

शरमेने तिची कानशिलं तापली. आईच्या तोंडी तिने आजवर खोटं घातलं नव्हतं. आई विश्वासाने तिच्याकडे बघत होती, तेच सोसवेना.

क्रेगने पिशवी उचलली. वाकून आजीच्या गालांचे मुके घेतले.

"नाऊ," आजी हळूच म्हणाली.

"नीट जा, म्हण..."

"राहू दे, आत्या. बाबा सगळं डच विसरले, पण हा शब्द घरात दिवसभर असायचा. आम्ही त्यावरच वाढलो. आजी हो म्हणाली, ते कळलं मला."

आलीडाने मान खाली घातली.

"पण बाबांनी बजावलं होतं," तो दाराशी थांबून म्हणाला, "आजीला विचार, पण ऐकायचं ते आलीडाचं. ती जागा तिची आहे."