आधी तुम्ही

आमच्या प्रयोगशाळेत वाळूने भरलेलं लोखंडी पिंप आहे. छतावरच्या सौरपॅनेलांच्या विजेने वाळू तापते आणि ढगाळ दिवसांतही ऊब देते. आज पाहणीला आलेल्या दोन साहेबांकडून पैसे मिळाले नाहीत, तर पिंप भंगारात जाणार होतं. “कंपनीने पैसे घातले की आम्हीही घालू,” सरकारी साहेब म्हणाले. “छे, मान सरकारचा! आधी तुम्ही,” कंपनीचे साहेब म्हणाले. “नाही हो, आधी तुम्ही.” बोलता बोलता दोघे गारठलेले हात चोळत पिंपाकडे सरकले. तिथे खुर्ची एकच. दोघांनी ती एकदमच धरली, “आधी मी!” “जो आधी पैशांच्या करारावर सही करेल, खुर्ची त्याची,” प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, शांतपणे म्हणाल्या. कंपनीच्या साहेबांनी चटकन सही ठोकली. “आमच्याकडे खुर्ची सहज सुटत नाही,” असं कुरकुरत सरकारी साहेबांनीही केली. मग बाईंच्या खुणेसरशी मी सकाळीच दाराआड लपवलेली दुसरी खुर्ची बाहेर आणली.