एकदम नको

जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बाई म्हणाल्या, "गिअरबॉक्समधलं तेल काळंकुट्ट झालंय ना? मग काढून टाका सगळं. एकदाची कटकट मिटेल."

मिस्त्री हसला. "ताई, म्हाताऱ्या गाडीशी अशी घाई करू नये. त्या काळ्या तेलाच्या आधारानेच तिचे गिअर पडतायत. सगळं एकदम बदललं तर जागची हलायची नाही. आज थोडं काढू, तेवढंच नवं घालू. थोडे दिवस चालवा आणि परत या. माझ्या वडिलांची शिकवण आहे ही, मी कधी मोडली नाही."

संध्याकाळी तो घरी आला. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांची एकेक वस्तू बघून आईला रडू फुटायचं, म्हणून काल सुट्टीच्या दिवशी त्याने एका दमात सगळं उरकलं होतं. त्यांचे कपडे, चपला, खिडकीजवळची खुर्ची, गॅरेजमधला तेलकट डगलासुद्धा देऊन टाकला होता. वर भिंतीला नवा रंग. खोली कशी लख्ख दिसत होती.

आई मात्र सकाळी बसली होती तिथेच बसलेली. समोरच्या चहावर साय धरलेली.

"आई, अगं, दोन घास तरी खा."

 

खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवरून नजर न काढता ती म्हणाली, "सगळं एकदम का रे नेलंस? थोडं थोडं न्यायचं होतंस, बाळा."